मुखवटा ओळखणारा प्रेक्षक

जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडा भरतो. रात्री वाद्ये वाजू लागतात आणि मुखवटे घातलेली सोंगे एकामागून एक नाचत येतात. गणपती येतो, रावण येतो, महिषासुर येतो. हा कोण, हे शेजारच्याला विचारावे लागत नाही. मुखवटा दिसला की गोष्ट आठवते आणि पुढच्या प्रसंगाची वाट पाहण्यातच खरी रंगत असते.

श्रोतेहो, गुन्हेगारी मालिकेवर बोलायचे, तर हा बोहाडा मध्येच कुठून आला, असे वाटेल. पण २०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या 'सेक्रेड गेम्स' या मालिकेची रीत हीच आहे. विक्रम चंद्रा यांच्या २००६ मधील कादंबरीवर बेतलेली ही मुंबईच्या गुन्हेगारी जगाची कथा. पहिल्या पर्वातल्या आठही भागांची नावे मात्र जुन्या कथांतून आणि धर्मग्रंथांतून घेतलेली : अश्वत्थामा, हलाहल, सरमा, रुद्र, ययाती अशी.

पहिल्याच भागात गुंड गणेश गायतोंडे स्वतःवर गोळी झाडून घेतो. तरी पुढच्या भागांत कथा सांगणारा आवाज त्याचाच! भागाचे नाव आहे 'अश्वत्थामा'. कपाळावरची जखम घेऊन भटकणाऱ्या त्या चिरंजीवाची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला या आवाजाचे नवल वाटत नाही. आठव्या भागाचे नाव 'ययाती'. मराठी वाचकाला लगेच वि. स. खांडेकरांची १९५९ ची कादंबरी आठवणार. मुलाकडे तारुण्य मागणारा तो बाप मनात ठेवला, की आपल्या तीन बापांबद्दल बोलणारा गायतोंडे निराळाच दिसू लागतो.

गोष्ट ठाऊक नसली तरी काही अडत नाही. चोर-पोलिसांचा पाठलाग सर्वांनाच कळतो. पण अशा प्रेक्षकाच्या हाती निम्मीच मालिका लागते.

उरलेली निम्मी कुठून येते? आजीकडून, कीर्तनातून आणि बोहाड्यातून. मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वर्षाचे काही महिने मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर काढतात. त्या मुलांच्या हातात उद्या मोबाइल येईल, मालिकाही येतील. पण ज्याने सोंग नाचताना कधी पाहिलेच नाही, त्याला ही नावे म्हणजे नुसती अक्षरे वाटतील. म्हणून बोहाडा टिकायला हवा. मालिका काढणाऱ्यांनाही असाच प्रेक्षक हवा असतो.