एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला?
(प्रजासत्ताक दिनी सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



झेंडावंदनानंतर वकील बोलायला उभा राहिला की वडे गार होणार, ही तुमची काळजी मला कळते. थोडक्यात सांगतो.

शहापूर-मुरबाडच्या कोर्टांत बांधावरच्या मारामाऱ्यांच्या केसेस मी आयुष्यभर चालवल्या. मुरबाडकडचा एक शेतकरी अशाच केसमधून सात वर्षांनी निर्दोष सुटला. बाहेर येतो तर समोरचा ओरडला, "परत केस टाकतो, बघच!" आमच्या पक्षकाराने पेढ्यांचा पुडा तसाच पिशवीत ठेवला. "साहेब, पुन्हा पहिल्यापासून?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(२) सांगतो की, एका गुन्ह्यासाठी खटला चालून शिक्षा झाली, तर त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा नाही. निर्दोष सुटलेल्याला हेच संरक्षण फौजदारी प्रक्रियेचा कायदा देतो. पूर्वी ते कलम ३०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३७.

पण यात मेख आहे. १९४९ साली मकबूल हुसेन नावाचे प्रवासी जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरले. त्यांच्याकडे न सांगितलेलं सुमारे १०७ तोळे सोनं सापडलं. कस्टमने ते जप्त केलं. नंतर परकीय चलन कायद्याखाली खटला भरला. "दोनदा शिक्षा कशी?" असं म्हणत ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९५३ मध्ये निकाल लागला: कस्टमचे अधिकारी म्हणजे कोर्ट नव्हे, जप्ती म्हणजे खटला नव्हे. म्हणून दुसरा खटला चालणार!

आपल्या भाषेत सांगायचं तर, पार्किंगच्या भांडणात सोसायटीने दंड केला म्हणून मारहाणीची पोलीस केस टळत नाही. बांधाचा दिवाणी दावाही वेगळा चालतो. आणि अपील हा नवा खटला नव्हे, तो पहिल्याच खटल्याचा पुढचा टप्पा. त्यामुळे निकालाची सर्टिफाइड कॉपी जपून ठेवा.

माझा पक्षकार अपिलाची मुदत टळल्यावर पेढे घेऊन घरी आला. पण म्हणाला, "साहेब, गावात अजून मारामारीवालाच म्हणतात."

त्यावर माझ्याकडे कलम नव्हतं. कोर्टाने सोडलेल्या माणसावर आपण जिन्यात, गेटवर, लग्नाच्या बैठकीत रोज नवा खटला चालवतो. तो थांबवणं आपल्याच हातात आहे.

वडे गरम आहेत. जय हिंद, जय महाराष्ट्र!