तेलकट त्वचा : समज आणि निगा



शाळेतील नववी-दहावीचा कोणताही वर्ग डोळ्यांसमोर आणावा. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरविली, तर अनेक कोवळ्या चेहऱ्यांवर कपाळ, नाक आणि हनुवटी या जागी तेलाची चकाकी दिसते. काहींच्या गालांवर मुरुमही आलेले असतात. यात नवल काहीच नाही. नवल वाटावे ते याचे, की त्या मुलांना त्याची लाज वाटते. एखादी हुशार मुलगी फळ्यापाशी येऊन गणित सोडविण्यास कचरते; एखादा मुलगा वर्गाच्या छायाचित्राच्या दिवशी मुद्दाम गैरहजर राहतो. घरी ‘तोंड नीट धूत जा’ असा उपदेश होतो, सोबत्यांत थट्टा होते, आणि मग साबण, लिंबू, खाण्याचा सोडा व कोणीतरी सांगितलेले एखादे मलम यांचा मारा त्या चेहऱ्यावर सुरू होतो. त्वचेच्या तेलाने जे नुकसान होत नाही, ते या माऱ्याने होते. म्हणून हे तेल मुळात येते कोठून, ते कशासाठी येते आणि त्याची निगा कशी राखावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

तळहात आणि तळपाय सोडले, तर शरीराच्या जवळजवळ सर्व भागांवर त्वचेच्या आत लहान लहान तैलग्रंथी असतात आणि त्यांपैकी बहुतेक केसांच्या मुळांशी जोडलेल्या असतात. इतरत्र त्या विरळ असतात. परंतु चेहरा आणि डोके यांच्या त्वचेत एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या ४०० पासून ९०० पर्यंत असू शकते. चेहरा इतर अंगापेक्षा अधिक तेलकट दिसतो, त्याचे कारण हेच. या ग्रंथींची कार्यपद्धती मोठी विलक्षण आहे. ग्रंथीतील पेशी स्वतःमध्ये स्नेह साठवीत साठवीत फुगते, शेवटी फुटते, आणि तिच्या देहाचेच तेल होऊन ते केसाच्या छिद्रावाटे त्वचेवर येते. या तेलाला त्वक्‌स्नेह म्हणतात. त्यात निरनिराळे स्निग्ध पदार्थ, मेणासारखी द्रव्ये आणि ‘स्क्वालीन’ नावाचा घटक असतो. त्याच्यावाटे ई जीवनसत्त्वही त्वचेच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचते. त्यातील एक आम्ल तर मानवी त्वचेचे इतके खास लक्षण आहे, की ‘होमो सेपियन्स’ या मानवाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला ‘सेपिएनिक आम्ल’ असे नाव मिळाले. त्वचेवरील काही उपद्रवी जंतूंना ते आवर घालते. म्हणजे हे तेल ही घाण नव्हे. ती शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली एक व्यवस्था आहे.

या ग्रंथींचा कारभार रक्तातून येणाऱ्या हॉर्मोनांच्या हुकुमावर चालतो. त्यांत ‘अँड्रोजेन’ या गटाचा वाटा सर्वांत मोठा. हा गट पुरुषांत अधिक, परंतु स्त्रियांतही काही प्रमाणात असतोच. वयात येण्याच्या सुमारास त्याचे प्रमाण वाढते, ग्रंथी मोठ्या होतात आणि कालपर्यंत कोरडा असणारा चेहरा शाळेतील तिसऱ्या तासालाच चकाकू लागतो. पुढे वय वाढते तसे हे प्रमाण हळूहळू कमी होते. स्त्रियांत मासिक पाळी थांबल्यानंतर ते विशेष घटते. एकाच घरातील दोन भावंडांपैकी एकाची त्वचा तेलकट, तर दुसऱ्याची कोरडी असते, त्यामागे बहुतांशी आनुवंशिकता असते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. ग्रंथीला आज्ञा आतून मिळते; बाहेरून चोळलेल्या साबणाचा तिला पत्ताही नसतो. धुतल्याने पृष्ठभागावरील तेल तेवढे जाते, आणि काही तासांत ते पुन्हा येते. त्यात त्या मुलाचा आळस नाही आणि अस्वच्छताही नाही.

मुरुमांची कथा याच तेलाशी जोडलेली आहे. केसाच्या छिद्रातील मृत पेशी नेहमीप्रमाणे सुट्या न होता एकमेकींना चिकटतात, त्यात तेल अडकते आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसते. हे बूच उघडे राहिले, तर त्याचा वरचा भाग काळा दिसतो. लोक तो मळ समजून नखांनी उकरतात. वस्तुतः तो काळेपणा धुळीचा नसून, त्वचेच्या रंगद्रव्याचा आणि हवेच्या संपर्काचा परिणाम असतो. बूच बंद राहिले, तर आत त्वचेवर एरवीही वास करणारे जंतू वाढतात, दाह होतो आणि लाल किंवा पुवाळलेला मुरुम तयार होतो. तारुण्य आणि मुरुम यांचा हा संबंध आपल्याकडे प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तरुणांच्या मुखावरील या पुळ्यांचे वर्णन असून, त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे. मराठीतील ‘तारुण्यपीटिका’ हा शब्दही हेच सांगतो. जी गोष्ट इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक, तिच्यासाठी एखाद्या मुलाने मान खाली घालून वावरावे, हे योग्य नव्हे.

आता निगेचा विचार. पहिला नियम संयमाचा. दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री, आणि फार घाम आल्यास आणखी एकदा, कोमट किंवा साध्या पाण्याने चेहरा धुणे पुरेसे असते. त्वचेचा पृष्ठभाग स्वभावतः किंचित आम्लधर्मी असतो. अंगाचे वा कपड्यांचे नेहमीचे साबण क्षारधर्मी असतात. असा साबण पाच-सहा वेळा लावला, की त्वचेचे नैसर्गिक कवच विसविशीत होते, चेहरा ओढल्यासारखा वाटतो, आग होते. तेल मात्र पुन्हा यायचे ते येतेच. म्हणून चेहऱ्यासाठी सौम्य, सुगंधरहित फेसवॉश निवडावा, बोटांच्या टोकांनी हलकेच लावावा आणि स्वच्छ, मऊ पंचाने चेहरा टिपून घ्यावा. खरखरीत कापड, दगड किंवा दाणेदार लेप यांनी घासल्यास दाह वाढतो. दुपारी शाळेत वा कचेरीत चकाकी फार जाणवली, तर रुमालाने किंवा टिपकागदाने हलके टिपावे. तेवढ्याने काम भागते.

घरगुती उपायांकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तेल लावल्यावर उटणे लावतात, त्यात अंगावरील जास्तीचे तेल निघून जावे हा सरळ हेतू असतो. डाळीचे पीठ किंवा मुलतानी माती हीही तेल शोषून घेतात. आठवड्यातून एखादे वेळी त्यांचा पातळ लेप लावण्यास सहसा हरकत नाही; परंतु तो कडक होऊन तडकेपर्यंत ठेवू नये आणि ओरबाडून काढू नये, पाण्याने भिजवून सोडवावा. लिंबाचा रस मात्र चेहऱ्यावर लावू नये. तो फार आम्लधर्मी असतोच, शिवाय तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. खाण्याचा सोडा आणि दंतमंजनाची पेस्ट यांनाही चेहऱ्यावर स्थान नाही.

तेलकट त्वचेला ओलाव्याची गरज नसते, हाही एक गैरसमज आहे. तेल आणि ओलावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. चेहरा तेलकट असूनही आतून शुष्क असू शकतो. हवामानाचा येथे संबंध येतो. गोव्यातील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, तो तेलात मिसळून चेहरा सतत ओशट वाटतो. तेथे हलके, पाण्याचा अंश अधिक असलेले जेल पुरते. इंदूर-ग्वाल्हेरकडील कोरड्या हिवाळ्यात मात्र तेलकट चेहऱ्याच्या माणसाचेही गाल फुटतात. तेथे थोडे अधिक स्निग्ध क्रीम लागते. क्रीम वा उन्हापासून रक्षण करणारे मलम विकत घेताना त्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रे न बुजविणारे, असा शब्द आहे काय ते पाहावे.

केसांच्या तेलाचाही उल्लेख करावयास हवा. डोक्याला भरपूर खोबरेल लावून झोपण्याची सवय अनेक घरांत आहे. ते तेल कपाळावर आणि कानशिलांवर ओघळते, उशीच्या अभ्र्याला लागते, आणि त्या जागी बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. मुरुमांचा त्रास असणाऱ्यांनी तेल केसांच्या टोकांकडे थोडे लावावे, नाहण्यापूर्वी तास-दोन तास लावून धुऊन टाकावे आणि अभ्रा वरचेवर बदलावा. आहाराविषयी म्हणाल, तर भजी खाल्ली म्हणून तेच तेल चेहऱ्यावर उतरते, असे नाही. परंतु साखर, मैदा आणि गोड पेये यांसारखे रक्तातील शर्करा झपाट्याने वाढविणारे पदार्थ कमी केल्याने मुरुम कमी होतात, असे २००७ साली ऑस्ट्रेलियात तरुणांवर केलेल्या प्रयोगात आढळले. भाकरी, डाळ, पालेभाजी, फळे हा साधा आहार म्हणूनच हितकर.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. शेजारी, मैत्रीण किंवा औषधविक्रेता यांच्या सांगण्यावरून अनेक लोक चेहऱ्याला स्टेरॉइडयुक्त मलम लावतात. चार दिवसांत लाली जाते, रंग उजळतो, मुरुम बसल्यासारखे वाटतात, आणि येथेच फसगत होते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, मुरुम अधिक जोराने उसळतात. आणि मलम बंद करताच चेहऱ्याची असह्य आग होते, म्हणून ते सोडवतही नाही. भारतातील १२ केंद्रांत केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे लावीत होते. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ती डॉक्टरांव्यतिरिक्त दुसऱ्याच कोणी सुचविलेली होती. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांच्या बाह्योपचाराच्या औषधांवर चिठ्ठीचे बंधन घातले. तरीही कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, घरातील कपाटापर्यंत पोहोचत नाही. नळीवर बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे दिसली, तर डॉक्टरांनी त्या व्यक्तीसाठी लिहून दिल्यावाचून ते मलम चेहऱ्याला लावू नये.

खरे उपचार उपलब्ध आहेत आणि ते गुणकारीही आहेत. सॅलिसिलिक आम्ल छिद्रातील बूच सैल करते. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूंना आवरते. ॲडापॅलीनसारखी औषधे छिद्रे बुजू देत नाहीत. परंतु या सर्वांना आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून औषध टाकणारा मनुष्य पीक उगवण्यापूर्वीच शेत नांगरून टाकणाऱ्या शेतकऱ्यासारखा होय. ज्यांचे मुरुम खोल, दुखरे असून व्रण ठेवून जातात, त्यांच्यासाठी आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घेण्याचे औषध आहे. अमेरिकेत त्याला १९८२ साली मान्यता मिळाली. ते तैलग्रंथींनाच लहान करते. तथापि गर्भावर त्याचे अतिशय घातक परिणाम होतात. म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे आणि स्त्रियांनी त्या काळात व त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस गर्भधारणा टाळलीच पाहिजे. एखाद्या मुलीचा चेहरा फार तेलकट होण्याबरोबरच तिची पाळी अनियमित असेल, ओठांवर वा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तो केवळ त्वचेचा प्रश्न नसून हॉर्मोनांच्या असंतुलनाची खूण असू शकते. अशा वेळी संकोच न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा. मुरुम पिळण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी. मुरुम काही दिवसांत जातो, पिळल्याचा खड्डा आयुष्यभर राहू शकतो.

अखेरचा शब्द वडीलधाऱ्यांसाठी. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून ‘हे काय झाले आहे?’ असे पाहुण्यांसमोर विचारणे, लग्नाच्या गोष्टीत मुलीच्या मुरुमांची चर्चा करणे, वर्गात थट्टेकडे दुर्लक्ष करणे, या लहान वाटणाऱ्या गोष्टी कोवळ्या मनात खोल रुततात. या लाजेपायीच मुले गुपचूप कोणतीही नळी विकत आणतात. त्यापेक्षा पालकांनी जवळ बसवून सांगावे, की हे वाढीचे लक्षण आहे, यात तुझा अपराध नाही, आणि जरूर पडल्यास उद्याच आपण डॉक्टरांकडे जाऊ. शिक्षकांनी शरीरशास्त्राच्या तासाला तैलग्रंथींची माहिती मोकळेपणाने द्यावी. दोन वेळा सौम्य धुणे, हलका ओलावा, उन्हापासून रक्षण, साधा आहार आणि योग्य वैद्यकीय सल्ला, एवढी निगा बहुतेकांना पुरते. तेल पूर्णपणे नाहीसे करणे हे त्या निगेचे ध्येयच नव्हे. त्वचा निरोगी राहावी आणि त्या मुलाने वर्गात मान वर करून बसावे, एवढेच साधावयाचे आहे.