जुने गिऱ्हाईक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी ब्रॉडबँडवर बोलणार म्हटल्यावर घरात मुले हसली. पण घरातली बिले मी भरते, आणि ज्याच्या हातून पैसा जातो त्याने चार शब्द बोलायला हरकत नसावी.

आमच्याकडे चार वर्षांपासून नेट आहे. महिना ६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८. यंदा शेजारी राहायला आलेल्या वहिनींनी त्याच कंपनीचे, तेवढ्याच वेगाचे नेट घेतले. त्यांना ४५०, करासह ५३१. खांब तोच, तार तीच. त्या नव्या आणि मी जुनी, एवढाच फरक. वर्षाचे २,१२४ रुपये होतात. आपली भाजीवाली जुन्या गिऱ्हाइकाला कढीपत्ता वर घालते. इथे उलटा न्याय!

याचे कारण उघड आहे. नवे गिऱ्हाईक ओढून आणावे लागते. जुने कुठे जाणार? मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली. घरच्या नेटचे तसे नाही. जुने बंद करा, राउटर परत द्या, नव्या माणसाची वाट पाहा. तोवर मुलीचा अभ्यास खोळंबतो. कल्याणला एकेका इमारतीत तीन-चार कंपन्यांच्या तारा असतात. खडवलीत आमच्या गल्लीत एकच आहे.

दर किती असावा हे ट्राय बहुतांशी कंपन्यांवरच सोडते. तेव्हा नव्याला स्वस्त का, ही फिर्याद तिथे चालेल अशी आशा धरू नये. मात्र योजना घेतल्यापासून सहा महिने तिचा दर वाढवता येत नाही, आणि आपल्याला त्या मुदतीतही दुसरी योजना घेता येते. तक्रारीचा नंबर मागून घ्यावा. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे फुकट दाद मागता येते. तक्रारीचे हे नियम २०१२ चे आहेत.

मी फोन केला. मुलगा म्हणाला, "काकू, ही ऑफर नव्यांसाठीच आहे." मी म्हटले, "मग माझे नेट बंद करायचा अर्ज लिहून घे, बाळा." दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला, ४८० ला देतो म्हणून. काल जे होत नव्हते ते एका रात्रीत कसे झाले?

मला आनंदापेक्षा रागच जास्त आला. समोरच्या आजींचा मुलगा परगावी असतो. त्यांचे बिल बँकेतून परस्पर कापले जाते. नातवाचे तोंड पाहायला मिळते ते या नेटवरच. त्या "बंद करा" कशाला म्हणतील? त्यांचे ६०० चालूच आहेत. भांडणारीला कमी आणि गप्प बसणारीला जास्त, हा व्यवहार मला पटत नाही. माझे १२० रुपये वाचले, पण त्यांच्यासमोर ते सांगायला जीभ रेटेना.

म्हणून आम्ही अकरा घरांनी मिळून कंपनीला पत्र दिले: नव्याचा दर तोच जुन्यांचा करा. पहिली सही आजींची आहे. कुणाची मुदत कधी संपते ते मी वहीत लिहून ठेवले आहे. पत्राला अजून उत्तर नाही. पुढल्या महिन्यात चार घरांची मुदत संपते, आणि दुसऱ्या कंपनीचा माणूस परवाच गल्लीतले खांब मोजून गेला. ज्यांची बिले अजून वहीत नाहीत त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे.