घरची साखळी-करवत : निवड आणि निगा

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारींत आडव्या झाल्या. मुंबईस किंवा पुण्यास बिऱ्हाड आणि कोंकणांत वडिलोपार्जित घर, अशी ज्या कुटुंबांची स्थिति आहे, त्यांना पुढचे दिवस चांगलेच आठवत असतील. अंगणांत आंब्याचें खोड पडलेलें, कौलांवर फणसाची फांदी, आणि कित्येक गांवांत आठवडेच्या आठवडे वीज नाहीं. हातकरवतीनें दोन गडी दिवसभर खपले तरी जें उरकेना, तें पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीनें घटकाभरांत होतें, हें त्या दिवसांत पुष्कळांच्या ध्यानांत आलें.

तेव्हांपासून ‘आपल्याहि घरीं एक असावी’ असें ज्यांना वाटूं लागलें आहे, त्यांच्याकरितां आजचें हें भाषण आहे. गांवाकडे या यंत्राला नुसतें ‘कटर’ म्हणतात. त्याच्याविषयीं मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आरंभींच सांगून टाकतों : या करवतीचा जीव तिच्या एंजिनांत नसून दांत्यांत आहे. ज्यानें एंजिन पाहून करवत घेतली आणि दांत्यांकडे पाठ फिरविली, त्यानें पैसे मोजून अपघात घरीं आणला.

या यंत्राचा इतिहासहि हेंच सांगतो. १९२९ सालीं जर्मनींत आंद्रेआस श्टील यांनीं पेट्रोलची करवत बनविली. तिचें वजन ४६ किलो होतें आणि ती चालविण्यास दोन माणसें लागत. पुढें एंजिनें हलकीं झालीं, परंतु साखळीचे दांते मात्र जुन्या हातकरवतीच्याच धर्तीचे राहिले व ते वारंवार घांसावे लागत. १९४६ च्या सुमारास अमेरिकेंतील ऑरेगॉन राज्यांत लांकूडतोडीचें काम करणारे जोसेफ कॉक्स यांनीं एका ओंडक्यांत भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या वांकड्या जबड्यांनीं आळीपाळीनें डावीकडे व उजवीकडे लांकूड कुरतडीत, रेषांच्या दिशेनें तशीच रेषांना आडवी, सहज पुढें जात होती. त्यावरून त्यांनीं एक डावा, एक उजवा अशा आंकडेदार दांत्यांची साखळी तयार केली. आज आपण वापरतों त्या साखळ्या त्याच कल्पनेच्या वारस आहेत. मोठ्या एंजिनाला जें साधलें नव्हतें, तें दांत्याच्या आकारानें साधलें.

आतां निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, करवत हवीच आहे काय? शहरांतील बंगल्याभोंवतीं वर्षाकांठीं चार फांद्या छाटावयाच्या असतील, तर चांगली हातकरवत किंवा बॅटरीवरील लहान करवत पुरे. पेट्रोलची करवत तेथेंच शोभते, जेथें खोडें पडतात आणि खोडांबरोबर विजेच्या ताराहि पडतात.

दुसरा प्रश्न आकाराचा. पडलेलीं झाडें, वाळक्या फांद्या आणि जळण एवढ्या कामाला ३५ ते ४५ सी.सी.चें एंजिन व १४ ते १६ इंचांची पट्टी पुरते. अशा करवतीचें वजन, पट्टी व साखळी सोडून, सामान्यतः ४ ते ५ किलो भरतें. बाजारांत बावीस इंचांची पट्टी लावलेलीं स्वस्त यंत्रें पुढें केलीं जातात, आणि घ्यावयाची तर मोठीच घ्यावी असा मोह होतो. पण पट्टी जितकी लांब तितके दांते अधिक, घांसणें अधिक, आणि तिचें टोंक आपल्या नजरेपासून अधिक दूर. त्या टोंकाचें भय कां बाळगावें, तें पुढें सांगतों.

दुकानांत चार गोष्टी पाहाव्या. पुढच्या मुठीसमोर साखळीचा ब्रेक आहे ना; मागच्या मुठीवरची कळ दाबल्यावांचून एंजिनाचा वेग वाढत नाहीं ना; तुटलेली साखळी अडविणारा आंकडा खालीं आहे ना; आणि मुठी व एंजिन यांच्यामध्यें हादरे शोषणारें रबर किंवा स्प्रिंग आहे ना. याखेरीज, साखळी, पट्टी आणि कार्ब्युरेटरचे पडदे जवळच्या तालुक्याच्या गांवीं मिळतात काय, हें विचारावें. ज्या यंत्राचा सुटा भाग मिळत नाहीं, तें कितीहि स्वस्त असलें तरी महागच पडतें.

निगेचा पहिला भाग इंधनाचा. हें एंजिन टू-स्ट्रोक असतें. त्याला पेट्रोलांतच तेल मिसळून द्यावें लागतें. पुष्कळ यंत्रांना एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, तर कांहींना ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागतें. पुस्तिकेंत दिलें असेल तेंच प्रमाण. नुसत्या पेट्रोलवर चालविल्यास सिलिंडर जळून निकामी होतो. आपल्या पंपांवरील पेट्रोलमध्यें आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल ओढून घेतें आणि नळ्या व पडदे खराब करतें. आपल्या यंत्राला किती इथेनॉल चालतें, हें पुस्तिकेंत अवश्य पाहावें. मिश्रण महिन्याभरांत संपेल एवढेंच करावें, आणि करवत ठेवून देण्यापूर्वीं टांकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. पावसाळ्यांत ऐन वेळीं सुरू न होणाऱ्या करवतींचें दुखणें बहुधा एवढेंच असतें.

दुसरा भाग साखळीच्या ताणाचा व तेलाचा. थंड साखळी पट्टीच्या खालच्या कडेला टेकलेली असावी, पण हातमोजा घालून ओढली असतां सहज फिरावी. लोंबती साखळी खांचेंतून निसटते. फार ताणलेली पट्टी खाते. काम संपल्यावर ती किंचित् सैल करावी, कारण तापलेली साखळी निवतांना आंखडते. साखळीच्या तेलाची टांकी इंधनाबरोबरच भरावी, व तींत गाडींतून काढलेलें काळें तेल कधींहि घालूं नये. पट्टीची खांच साफ ठेवावी आणि पट्टी मधूनमधून उलटी बसवावी, म्हणजे तिची झीज दोन्ही कडांनीं सारखी होते. एअर फिल्टर प्रत्येक कामानंतर झाडावा.

तिसरा आणि मुख्य भाग धारेचा. धार आहे कीं नाहीं, हें करवत स्वतःच सांगते. ढलप्या उडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडूं लागला, हातानें दाबावें लागूं लागलें, किंवा लांकडांतून धूर येऊं लागला, कीं ती गेली. माडाचें खोड बाहेरून कठीण व आंत मऊ. तें धार लौकर खातें. आणि पडलेल्या खोडाखालच्या मातीला साखळी क्षणभर टेकली, तरी सगळी धार जाते. घांसण्याला गोल कानस लागते. घरगुती साखळ्यांपैकीं पुष्कळांना ४ मिलिमीटरची चालते. कानस दांत्याच्या आंतून बाहेर, सामान्यतः ३० अंशांच्या कोनांत, पुढें ढकलतांनाच घांसावी. मागें आणतांना उचलावी. एका बाजूचे सारे दांते आधीं, मग दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येकाला सारखेच हात. एका बाजूला हात जास्त पडले कीं करवत वांकडी कापूं लागते. प्रत्येक दांत्यापुढें एक लहान उंचवटा असतो. दांत्यानें किती खोल चावावें, हें तो ठरवितो. अनेकदां धार लावल्यानंतर तो माप लावून किंचित् उतरवावा. अंदाजानें मुळींच नव्हे.

आतां त्या टोंकाविषयीं. पट्टीच्या टोंकाचा वरचा चतुर्थांश लांकडाला लागला, तर साखळी तेथेंच अडते आणि सारी करवत डोळ्याचें पातें लवण्याआधीं माणसाच्या तोंडाकडे उसळते. बोथट साखळीनें हें भय वाढतें, कारण ती दाबावी लागते आणि दाबणाऱ्या हाताचा ताबा कमी होतो. म्हणून पुढच्या मुठीभोंवतीं डाव्या हाताचा आंगठा वळलेला हवा. खांद्यावर करवत नेऊं नये. शिडीवर चढून तर कधींच चालवूं नये. सुरू करतांना ती जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठींत पाय रोवून दोरी ओढावी.

श्रोतेहो, येथें एक अवघड गोष्ट बोलावी लागते. करवत विकत घेतो शहरांतला मालक. ती चालवितो वाडीवरचा गडी. पायांत चपला, डोळ्यांवर कांहीं नाहीं, कानांवर कांहीं नाहीं. या यंत्राचा आवाज शंभर डेसिबलांच्या वर जातो. साखळी मांडीला लागली, तर चामडें व हाड यांत ती भेद करीत नाहीं. संरक्षक विजारींतील लांब धागे साखळींत गुंततात व ती क्षणार्धांत थांबवितात. हेल्मेट, जाळी, कानांवरचीं झांकणें, विजार आणि भक्कम बूट यांचा खर्च करवतीच्या किंमतींत धरलाच पाहिजे. तो परवडत नसेल, तर करवतच परवडत नाहीं, असें समजावें. शिकलेला माणूस रोजावर बोलवावा.

शेवटीं, पडलेलें झाड निराळें आणि उभें झाड निराळें. आंबा-फणसासारखीं झाडें तोडण्यास १९६४ च्या कायद्यानें, आणि शहरांत १९७५ च्या कायद्यानें, परवानगी लागते. हातांत वेगवान् यंत्र आलें म्हणजे तोडण्याचा निर्णयहि वेगानें होऊं लागतो. तेवढा मोह आवरावा.

ज्या दिवशीं करवत घ्याल, त्याच दिवशीं कानस घ्या, चालविणाऱ्याची विजार घ्या, आणि घरांतील एकानें तरी दांते घांसावयास शिका. पुढचें वादळ कधीं येईल, तें आपल्या हातीं नाहीं. धार आपल्या हातीं आहे.