एकशे एकवीस दिवसांचे राखणदार

(जठारपेठ, अकोला येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ऐन उन्हाळ्यात अकोल्यात बोलावयास उभे राहणाऱ्या माणसाने श्रोते आपल्याकरिता आले आहेत की संध्याकाळच्या वाऱ्याकरिता, ह्या प्रश्नात फार खोल शिरू नये. (हशा) दिवसभर ४५ अंशांत भाजून निघालेल्या माणसाला उघड्यावर दोन घटका बसावयास मिळाले, तर तो व्याख्यानही सोसून घेतो.

चालकांनी पत्रिकेवर विषय छापला आहे, 'सार्वजनिक उद्यानांतील हंगामी सेवक'. तो वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, "म्हणजे गांधी-जवाहर बागेतल्या माळ्यांवर बोलणार काय?" त्यांची चूक नाही. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाक, कारंजे आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटीच येते. पण ह्या पेठेतून उत्तरेकडे निघालात, अकोट ओलांडून नरनाळ्याच्या पायथ्याशी पोहोचलात, की तेथून पुढे जे डोंगर सुरू होतात त्यांत सरकारदप्तरी एक उद्यानच आहे, गुगामल राष्ट्रीय उद्यान. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते. तेही उद्यान सार्वजनिक आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या मालकीचे आहे. मालकाने आपल्या बागेत कोण राबतो हे निदान एकदा विचारावे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू.

मेळघाटाचे रान मुख्यतः सागाचे आणि पानझडीचे. माघ-फाल्गुनात साग आपली सुपाएवढी पाने टाकतो, बांबू वाळतो, गवत पिवळे पडते, आणि पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे डोंगर उन्हाळ्यात सरपणाच्या ढिगासारखे होऊन बसतात. तेथे एक ठिणगी पुरते. ती ठिणगी आकाशातून फारशी पडत नाही. आपल्याकडचे बहुतेक सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात. कोणी मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतो, कोणाला तेंदूला कोवळी पाने चांगली फुटावीत असे वाटते, कोणी शेताचा धुरा पेटवून घरी जातो, तर कोणी जळती विडी टाकून पुढे चालू लागतो. ह्यात दुष्टावा थोडा, गरज बरीच आणि निष्काळजीपणा सर्वांत जास्त.

म्हणून वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते आणि त्या काळापुरती जादा माणसे रोजंदारीवर घेते. त्यांना खात्यात 'फायर वॉचर' म्हणतात. मेळघाटात हे काम करणारे पुष्कळसे जवळच्या पाड्यांतले कोरकू असतात.

आता त्यांचे काम पाहा. हंगामापूर्वीच जंगलात जाळरेषा तयार करावयाच्या असतात. म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातले गवत कापावयाचे, वाळवावयाचे आणि आपणच देखरेखीखाली जाळून टाकावयाचे. पुढे वणवा आलाच तर त्या उघड्या पट्ट्यापाशी त्याला खावयास काही उरू नये. हंगाम लागला की पहारा. कोणी मनोऱ्यावर, कोणी टेकाडावर, कोणी पायी गस्तीवर. अलीकडे उपग्रह आकाशातून आग हेरतात आणि डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनाधिकाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो. विज्ञानाचे हे मोठे उपकार आहेत. परंतु उपग्रह आग दाखवितो, विझवीत नाही. विझवावयास माणसालाच दरीत उतरावे लागते, हातात हिरव्या फांद्यांचा झोडपा घेऊन. आता पाचोळा उडविणारी ब्लोअर यंत्रे आली आहेत. तीही चढणीवर माणसाच्याच पाठीवर जातात.

आग विझविणे हे अंगमेहनतीचे काम आहे, त्यात विद्या कसली, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मलाही तसे वाटे. एकदा नरनाळ्याच्या बाजूला अशाच एका वयस्क राखणदाराशी बोलण्याचा योग आला. समोरच्या डोंगरावर धूर दिसत होता आणि मी त्याकडे बोट दाखवीत होतो. तो म्हणाला, "आग काय पायता भाऊ, हवा पाहा." मग त्याने समजावून सांगितले. आग चढणीला धावते, उतरणीला रांगते. म्हणून आगीच्या वर उभे राहावयाचे नाही. दुपारच्या वाऱ्यात तिच्याशी भांडावयाचे नाही. वारा पडला, रात्रीचा गारवा आला की ती थकते, तेव्हा तिला गाठावयाचे. आणि ती फारच मोठी असेल तर नाल्याच्या किंवा वाटेच्या आडोशाने समोरून दुसरी आग सोडावयाची, दोघी भेटल्या की दोघी मरतात. पण ही उलटी आग केव्हा सोडावी आणि केव्हा सोडू नये, हे ज्याला कळत नाही त्याने काडीला हात लावू नये. हे ज्ञान एका हंगामात येत नाही, त्याला जन्म जावा लागतो. आणि आपण ते रोजाच्या दराने, चार महिन्यांपुरते विकत घेतो.

मी त्याला विचारले, "पाऊस लवकर यावा असे वाटत असेल?" तो हसला. म्हणाला, "पाण्याची वाट आम्हीच पायतो. अन् पाणी आलं का आमचं कामबी सरते."

सभ्य गृहस्थहो, ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. ज्याने पाऊस यावा म्हणून देवाला हात जोडावेत, त्याचीच भाकर त्या पावसाने जावी, ही कसली व्यवस्था?

आता थोडा हिशेब करू. १५ फेब्रुवारी ते १५ जून, दोन्ही दिवस धरून १२१ दिवस होतात. लीप वर्षी १२२. आपल्या मजूरकायद्यात मात्र एक आकडा फार दिवस गाजत आला, तो २४०. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षातून २४० दिवस काम केलेल्याची सलग सेवा मानली. महाराष्ट्र शासनाने ३१ जानेवारी १९९६ च्या निर्णयाने रोजंदारीवरील वनमजुरांना कायम केले, तेव्हाही कसोटी हीच होती: पाच वर्षे आणि दर वर्षी किमान २४० दिवस. त्या निर्णयाने हजारो घरांत दिवा लागला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु ज्याचा हंगामच १२१ दिवसांचा, तो वीस वर्षे आग विझवीत राहिला तरी ह्या उंबरठ्याशी कसा पोहोचणार?

आणि हा प्रश्न केवळ मेळघाटाचा नाही. पुण्यात पर्वतीजवळ पाचगाव पर्वतीच्या टेकड्यांवर वनखात्याने शहरवासीयांसाठी उद्यान उभारावयास घेतले होते. तेथे वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणारे मजूर न्यायालयात गेले. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे उद्यान करणे हे राज्याचे सार्वभौम कृत्य नव्हे, त्याला उद्योगाचे कायदे लागतात. आणि माणसाला कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा होय. पुढे १० एप्रिल २००६ रोजी त्याच न्यायालयाने उमादेवी खटल्यात दुसरी बाजू मांडली: नुसते तात्पुरते काम केले म्हणून कायम नोकरीचा हक्क मिळत नाही, कारण सरकारी जागेवर इतर नागरिकांचाही समान अधिकार आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

म्हणून सर्वांना कायम करा, अशी सोपी घोषणा मी देणार नाही. काम हंगामी आहे हे खरे. पण काम हंगामी असले म्हणून माणूस हंगामी होत नाही. त्याचे पोट बाराही महिने असते. माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली, दर वर्षी त्याच अनुभवी माणसाला प्रथम बोलवावे, आणि त्याच्या वर्षांची नोंद पक्क्या हजेरीपटावर राहावी. दुसरी, आगीत भाजला किंवा कड्यावरून पडला तर त्याच्या घरच्यांना हात पसरावे लागू नयेत, असा विमा त्याला पहिल्या दिवसापासून असावा. तिसरी, कामे जोडावीत. हिवाळ्यात जाळरेषा, उन्हाळ्यात पहारा आणि पाणवठे, पावसाळ्यात रोपे आणि मृदसंधारण. ह्याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखविली. त्या बुद्धीला हे जड नाही.

कोणी म्हणेल, आग विझविणे जंगलाशेजारी राहणाऱ्यांचे कर्तव्यच आहे. खरे आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे ७९ वे कलम राखीव वनात हक्क बजावणाऱ्यांवर वणव्याची खबर देण्याचे आणि तो विझविण्याचे बंधन घालते. पण त्या जंगलाचे पाणी आपण पितो, त्याचे कर्तव्य कोणत्या कलमात आहे? आपला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. तेथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांना गोडे पाणी मिळते ते वान आणि शहानूर ह्या नद्यांवरच्या धरणांतून, आणि त्या नद्या मेळघाटाच्या डोंगरांतून उतरतात. डोंगर जळाला, त्याच्या अंगावरचा पाचोळा आणि गवत गेले, की पहिल्या पावसात माती वाहते आणि तिचा गाळ धरणात बसतो. तेव्हा तिकडे रात्री दोन वाजता झोडपा घेऊन उभा असलेला माणूस आपल्याच माठाची राखण करीत असतो.

मी तुमच्याकडे वर्गणी मागावयास आलो नाही. (हशा) येत्या १५ जूनला मोर्णेच्या काठी ढग दाटले, मातीचा वास आला आणि तुम्ही हुश्श केलेत, तर त्या क्षणी एवढे आठवावे की आज डोंगरात काही माणसांचा हजेरीपट बंद झाला आहे. आणि पुढच्या वेळी आपले लोकप्रतिनिधी ह्या पेठेत मते मागावयास आले, तर रस्त्यांच्या आणि नळांच्या प्रश्नांबरोबर हाही एक प्रश्न त्यांना विचारावा.