मनोरा पडला, नोंद राहिली



आज एका मनोऱ्याची गोष्ट सांगते. तो आपल्या बुलडाणा जिल्ह्यातला नाही, जुन्या गोव्यातला आहे. सहलीला गेलेल्या बाया समुद्र बघतात, मोठी चर्च बघतात आणि परत येतात. तिथंच एका टेकडीवर जांभ्या दगडाचा अर्धाच मनोरा उभा आहे. तो संत ऑगस्टीनच्या चर्चचा. हे चर्च १६०२ साली पुरं झालं. मनोरा जवळपास ४६ मीटर, म्हणजे दीडशे फूट उंच होता, आणि त्यात मोठी घंटा होती.

मग तो अर्धा कसा झाला? कोणी तोफ डागली नाही. त्याला पाडलं ते एका हुकुमानं आणि नंतरच्या पावसाळ्यांनी.

गोव्यावर तेव्हा पोर्तुगालचं राज्य होतं. तिकडे गादीवरून भाऊबंदकी पेटली. पेद्रोनं आपली मुलगी मारिया हिला राणी केलं, तर त्याचा भाऊ मिगेल यानं पुतणीची गादी बळकावली. पेद्रोच्या बाजूच्या लोकांना राजाच्या मर्जीऐवजी राज्यघटनेनं चालणारा कारभार हवा होता. १८३४ साली त्यांचा विजय झाला. मठांकडे जमीनजुमला भरपूर होता आणि नव्या सरकारची तिजोरी रिकामी होती. पुरुषांचे सगळे मठ बंद करून मालमत्ता सरकारजमा करायचा हुकूम निघाला. १८३५ मध्ये तो गोव्यात लागू झाला आणि टेकडीवरचे साधू निघून गेले.

पुढं काय झालं, ते आपल्या जुन्या घरांवरून कळेल. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा लागतो. तो गेला की पाणी मुरतं. सात वर्षांत, १८४२ साली, चर्चचं छत कोसळलं. घंटा त्याआधीच आग्वादच्या दीपगृहात नेली होती. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे आणि आजही वाजते. १९३१ साली चर्चचा दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा खाली आला.

आता याच टेकडीवर समोर बघा. तिथं संत मोनिकाचा मठ आहे, जोगिणींचा. बायांचा मठ लगेच बंद केला नाही, पण नवीन कोणाला घ्यायला मनाई झाली. होत्या त्या तिथंच राहिल्या, म्हाताऱ्या झाल्या. शेवटची जोगीण १८८५ साली वारली. त्या पन्नास वर्षांत तिथं दिवा लागत होता, झाडलोट होत होती. तो मठ आजही उभा आहे. एकाच टेकडीवरच्या, एकाच पावसातल्या या दोन इमारती.

पण पडलेल्या चर्चची गोष्ट इथं संपत नाही. जॉर्जिया नावाच्या देशात केतेवान नावाची राणी होती. राज्यावर हल्ला होऊ नये म्हणून ती स्वतः इराणच्या शहा अब्बासकडे बोलणी करायला गेली. त्यानं तिला अडकवून ठेवलं. धर्म सोड म्हणून छळ केला, ती बधली नाही. १६२४ साली तिला हालहाल करून मारलं. तेव्हा आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ सव्वीस वर्षांच्या होत्या. ऑगस्टीन साधूंनी राणीच्या अस्थी गुपचूप मिळवल्या, १६२७ मध्ये गोव्यात आणल्या आणि मठातल्या एका खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवल्या. कुठल्या खिडकीपाशी, तेही त्यांनी कागदावर लिहून ठेवलं.

छत पडलं, पेटी ढिगाऱ्याखाली गेली, पण कागद राहिला. त्याच्या आधारानं पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं आणि २००४ मध्ये हाड सापडलं. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्याचा डीएनए तपासला. जो डीएनए फक्त आईकडून लेकरांना मिळतो, तोच तपासला. ती मातृवंशाची खूण जॉर्जियातल्या लोकांत सापडते, भारतातल्या नमुन्यांत सापडली नाही. २०२१ साली भारत सरकारनं त्या अस्थींचा काही भाग जॉर्जियाला दिला. जवळपास चारशे वर्षांनी राणी माहेरी गेली, ती एका नोंदीमुळं.

मैत्रिणींनो, लोणारच्या मंदिरांना, सिंदखेडराजाच्या वाड्याला सरकारी फलक आहे. पण आपल्या गावची वेस, बारव, गढी, नदीकाठचं जुनं देऊळ यांची नोंद कुठं आहे? आपल्या गटाच्या वहीत कर्जाचा एकेक रुपया लिहिलेला असतो. येत्या मासिक सभेत त्याच वहीचं एक पान यासाठी ठेवू. वस्तू कोणती, कुठं आहे, किती लांब-रुंद, कोणी बांधली असं म्हणतात, आज तिथं झाडतं कोण. सत्तरीच्या पुढच्या आजींना आधी विचारा, कारण त्यांना माहीत असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही. खाली तारीख टाका, सह्या-अंगठे घ्या. आणि ज्या बारवेत झाडं उगवली असतील, तिथं पावसाळ्याआधी एक सकाळ सगळ्या मिळून जा. मुळं बारीक आहेत तोवरच ती हातानं निघतात.