कापडी पंखाची निगा



कामशेतच्या बाजूस डोंगराच्या उतारावरून कापडी पंख फुगवून आकाशांत तरंगणारीं माणसें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. या पंखास पॅराग्लायडर म्हणतात. १९७८ सालीं फ्रान्समधील म्यूसी या आल्प्सच्या गांवीं पॅराशूटनें उड्या मारणाऱ्या कांहीं जणांनीं विमानावांचून, नुसत्या उतारावरून धांवत जाऊन उड्डाण केलें; तेथून हा खेळ जगभर पसरला आणि आतां आपल्या सुशिक्षित घरांतही शिरला आहे. माझा नातू उडतो. उडण्याची विद्या त्यास त्याच्या गुरूंनीं दिली. मला सांगावयाचें आहे तें जमिनीवरचें. कारण हा पंख आकाशांत क्वचितच बिघडतो. तो बिघडतो माळावर आणि आपल्या घरच्या कपाटांत.

पंखाचें कापड नायलॉनचें असतें. त्यावर अत्यंत पातळ लेप असतो व त्यामुळेंच हवा आरपार न जातां पंख फुगलेला राहतो. उन्हांतील अतिनील किरण या दोहोंचेंही बळ हळूहळू खातात. उड्डाणांतील ऊन टाळतां येत नाहीं. परंतु वाऱ्याची वाट पाहत पंख भर दुपारीं तासन् तास पसरून ठेवणें हा शुद्ध अपव्यय होय.

आपल्याकडे दुसरा वैरी पावसाळा. जून ते सप्टेंबर सह्याद्रींत उड्डाणें बंद असतात. शेवटच्या दिवशींचा ओलसर पंख तसाच दाबून बांधला, तर त्यास बुरशी धरते. तो सावलींत, वाऱ्यावर पूर्ण सुकवावा. वाळू झटकावी आणि आंत एखादा नाकतोडा राहिला नाहीं ना, हें अवश्य पाहावें, कारण कोंडलेला नाकतोडा कापड कुरतडून वाट काढतो. घडी सैल असावी. मोटारीच्या तापलेल्या डिकींत पंख ठेवूं नये. साबणाचा व धुण्याच्या यंत्राचा उत्साह तर कोणींच दाखवूं नये. समुद्राचें पाणी लागलें असेल, तरच गोड्या पाण्यानें धुवावा.

दोऱ्यांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. उडणाऱ्याचा भार मुख्यतः पुढच्या दोऱ्यांवर पडतो, मागच्यांवर थोडा. डायनीमा नांवाच्या धाग्याच्या दोऱ्यांवर पुरेसा ताण नसला, कीं त्या हळूहळू आखडतात. त्यामुळें पुढच्या दोऱ्या आपली लांबी राखतात, मागच्या आखूड होतात आणि पंखाची मागची कड खालीं ओढली जाते. जणूं ब्रेक न ओढतांच लागलेला! असा पंख डोक्यावर येतांना रेंगाळतो, हवेंत मंद होतो, आणि फारच मंदावला तर त्याचें तरंगणेंच संपतें. फरक असतो अवघा कांहीं सेंटिमीटरांचा. डोळ्यांस तो दिसत नाहीं. म्हणून साधारणतः दर दोन वर्षांनीं किंवा शंभर तासांच्या उड्डाणानंतर दोऱ्या मोजून घ्याव्या व कापडांतून हवा किती झिरपते, तेंही यंत्रानें पाहून घ्यावें. कारखानदाराच्या पुस्तिकेंतील मुदत याहून कमी असेल, तर तीच प्रमाण मानावी. ‘थोडाच वापरलेला आहे’ असें सांगून कोणी स्वस्तांत पंख देऊं लागला, तर आधीं तपासणीचा कागद मागावा. यांत मैत्रीचा अपमान नाहीं.

राखीव छत्रीचा बहुतेकांना विसर पडतो. फार दिवस दाबून राहिलेली छत्री उघडावयास वेळ लावते, आणि तिच्या वेळीं वेळच नसतो! सहा महिन्यांनीं, निदान वर्षानें, जाणत्याकडून ती नव्यानें बांधून घ्यावी.

उड्डाणापूर्वीं शिरस्त्राण, मांड्यांचे व छातीचा पट्टा, कॅराबिनर, राखीव छत्रीची पिन, दोऱ्या आणि वारा हें सारें क्रमानें पाहावयाचें असतें. त्यांत घात करतात ते मांड्यांचे पट्टे. वारा पडला म्हणून माणूस ते सोडतो, चहा घेतो, आणि वारा येतांच तसाच धांवत सुटतो. या एका विसरानें अनुभवी माणसेंही प्राणांस मुकलीं आहेत. म्हणून एक पट्टा जरी सोडला, तरी तपासणी पुनः पहिल्यापासून करावी. माझा नातू ही यादी पाढ्यांप्रमाणें मोठ्यानें म्हणतो. बरोबरीचीं मुलें हंसतात. त्यांना खुशाल हंसूं द्यावें.